एकही गोळी चुकली नव्हती: कॅपेसिटाबिन, जुलाब आणि न केलेला फोन

दाखल झाल्या त्या दुपारी बाईंच्या पिशवीतून गोळ्यांची पाकिटं निघाली. सिस्टरनी ती मोजली. केमोच्या गोळ्यांच्या दुसऱ्या सायकलचा, म्हणजे आवर्तनाचा, बारावा दिवस होता. अकरा दिवसांच्या रोज दहा आणि त्या सकाळच्या पाच अशा ११५ गोळ्या पोटात गेल्या होत्या, २५ उरल्या होत्या. हिशोब तंतोतंत होता. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या बाई मला म्हणाल्या, "डॉक्टर, एकही चुकवली नाही बरं का."

हे प्रकरण लिहिण्याचं कारण हे वाक्य आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. घटनांचा क्रम, औषधं आणि आमच्याकडून राहिलेली गोष्ट तशीच ठेवली आहे.

बाई ६३ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात कॅन्सर होता, शस्त्रक्रियेत तो भाग काढला, पण काही लसीकाग्रंथींत पेशी सापडल्या. म्हणजे तिसरा टप्पा. शरीरात दिसत नाहीत पण असू शकतील अशा पेशींसाठी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या ठरल्या: १४ दिवस सकाळ-संध्याकाळ, मग ७ दिवस सुट्टी, अशा आठ सायकल. उंची-वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर आलं, त्यानुसार एका वेळी १८०० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या तीन आणि १५० च्या दोन गोळ्या. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर. रक्तदाबासाठी त्या बरीच वर्षं टेल्मिसार्टन घेत होत्या. मूत्रपिंड मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन ०.८, मूत्रपिंडाची गाळण मिनिटाला साधारण ६१ मिलिलिटर. पूर्ण डोस द्यायला हरकत नव्हती.

पहिली सायकल सुरळीत गेली. दोन-तीन दिवस थोडे पातळ जुलाब, थोडी मळमळ. दुसऱ्या सायकलच्या आधीचं रक्त चांगलं होतं. मी म्हटलं, छान चाललंय, असंच चालू ठेवा. आज मागे वळून पाहताना ते "असंच चालू ठेवा" मला टोचतं.

चार दिवसांत काय झालं

दाखल झाल्यावर बाईंना आणि त्यांच्या मुलाला एकेक दिवस विचारून आम्ही क्रम जुळवला. पहिला प्रश्न होता, एरवी दिवसातून किती वेळा शौचाला जाता? हा प्रश्न हमखास राहून जातो. उजवं आतडं काढल्यावर बाईंची सवय दिवसातून दोनदाची झाली होती. जुलाबाची तीव्रता मोजताना एकूण फेऱ्या पाहून भागत नाही, नेहमीपेक्षा किती वाढल्या ते पाहावं लागतं. चारपेक्षा कमी वाढल्या तर पहिली पायरी, चार ते सहा वाढल्या तर दुसरी, सात किंवा त्याहून अधिक वाढल्या तर तिसरी. नेहमीची संख्या माहीत नसेल तर "सहा-सात वेळा झाली" या उत्तराचा अर्थच लागत नाही.

आठव्या दिवशी चार फेऱ्या. दोनच वाढल्या, पहिली पायरी. जिभेच्या कडेला झोंबायला लागलं होतं. नवव्या दिवशी पाच. जुलाब आवरणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळ्या आम्ही आधीच देऊन ठेवल्या होत्या. बाईंनी एक घेतली, थोडं बरं वाटलं, पुढची घेतली नाही. "उगाच औषधावर औषध कशाला" असं त्यांना वाटलं.

दहाव्या दिवशी सात फेऱ्या, त्यातल्या दोन रात्री झोपेतून उठून. पाच वाढल्या, म्हणजे दुसरी पायरी. रात्री उठावं लागणं हीसुद्धा स्वतंत्र खूण आहे, आणि कॅपेसिटाबिनच्या बाबतीत ती दुसऱ्या पायरीचीच धरतात. त्या रात्रीनंतरची गोळी घ्यायची नव्हती. या प्रकरणाचा सांधा इथे आहे. दहाव्या रात्री गोळ्या थांबवून सकाळी फोन झाला असता तर पुढचं बहुतेक सगळं टळलं असतं असं मला वाटतं. या औषधाच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की दुसऱ्या पायरीचा त्रास झाला की औषध थांबवा, त्रास शून्यावर किंवा पहिल्या पायरीवर आला की पुन्हा सुरू करा, आणि राहिलेले डोस भरून काढू नका.

बाईंनी अकराव्या दिवशी दोन्ही वेळच्या गोळ्या घेतल्या. फेऱ्या दहा झाल्या, म्हणजे तिसरी पायरी. तोंडात फोड आल्यामुळे दोन घोट पाण्यापलीकडे काही जात नव्हतं, तरी त्या घोटांबरोबर गोळ्या गेल्या. रक्तदाबाची गोळीही गेली. बाराव्या दिवशी सकाळची मात्रा घेतली आणि न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन बसल्या. सकाळपासून लघवी झालीच नव्हती. तेव्हा मुलाने फोन केला.

रक्तदाब ८८/५६, नाडी ११८, ताप नाही. क्रिएटिनिन १.९, पोटॅशियम २.९, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, ११००. गाळण हिशोबाने २६ च्या आसपास आली. क्रिएटिनिन झपाट्याने बदलत असताना हा आकडा अंदाजापुरताच असतो, पण दिशा स्पष्ट होती. गाळण ३० च्या खाली असेल तर कॅपेसिटाबिन द्यायचंच नसतं. म्हणजे त्या सकाळची मात्रा अशा शरीरात गेली होती, ज्याला आम्ही हे औषध लिहूनच दिलं नसतं.

जुलाब का वाढत गेले

१९५७ मध्ये चार्ल्स हायडेलबर्गर यांनी ५-फ्लुरोयुरासिल हे औषध पुढे आणलं. ते शिरेतून देतात. कॅपेसिटाबिन हे त्याचंच तोंडाने घ्यायचं रूप. यकृतात आणि गाठीत तीन टप्प्यांनी त्याचं ५-फ्लुरोयुरासिल बनतं. भराभर विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएची बांधणी ते अडवतं. कॅन्सरच्या पेशी भराभर विभागतात, पण आतड्याचं आणि तोंडाचं अस्तरही दर काही दिवसांनी नवं होत असतं. अस्तर झिजतं आणि नवं वेळेवर येत नाही, म्हणून फोड आणि जुलाब. कॅपेसिटाबिन घेणाऱ्या जवळपास निम्म्या लोकांना कधी ना कधी जुलाब होतात. जुलाब झाले यात नवल नव्हतं. ते इतके वाढले का, हा प्रश्न होता.

दोन गोष्टी एकमेकींना हातभार लावत होत्या. जुलाबांनी शरीरातलं पाणी गेलं, पाणी गेल्याने मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोहोचू लागलं. टेल्मिसार्टन एरवी मूत्रपिंडाचं रक्षण करतं, पण शरीर कोरडं पडल्यावर तेच औषध मूत्रपिंडाला आतला दाब सांभाळू देत नाही. मूत्रपिंड मंदावलं की कॅपेसिटाबिनपासून बनलेले पदार्थ शरीरात जास्त वेळ राहतात, आणि त्यामुळे जुलाब आणखी वाढतात. दहाव्या दिवशी सुरू झालेलं हे चक्र बाराव्या दिवसापर्यंत स्वतःच्या जोरावर फिरत होतं. त्यात रोज दोनदा नवी मात्रा पडत होती.

तिसरी गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. पहिली सायकल नीट गेली आणि दुसरी बिघडली, मग मधे काय बदललं? मी मुलाला विचारलं, "घरात दुसरं काहीही चालू आहे? जीवनसत्त्वं, ताकदीच्या गोळ्या, काहीही?" त्याने लगेच सांगितलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आईला अशक्तपणा वाटत होता म्हणून त्याने पहिल्या सायकलच्या सुट्टीत रक्तवाढीच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. त्यात फॉलिक अ‍ॅसिड होतं.

फॉलिक अ‍ॅसिड एरवी निरुपद्रवी जीवनसत्त्व आहे. पण ५-फ्लुरोयुरासिल ज्या विकराला जखडतं, ती पकड फोलेटमुळे, म्हणजे ज्या जीवनसत्त्वाचं हे एक रूप आहे त्यामुळे, अधिक घट्ट होते. शिरेतून ५-फ्लुरोयुरासिल देताना आम्ही मुद्दाम फोलेटचंच एक रूप, ल्युकोव्होरिन, जोडून देतो ते याचसाठी. तिथे ५-फ्लुरोयुरासिलचा डोस ते गृहीत धरून ठरवलेला असतो. इथे मात्र पूर्ण डोसच्या कॅपेसिटाबिनवर फोलेटची भर पडली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. सगळा दोष त्या गोळ्यांचाच होता असं मी म्हणणार नाही, तसं सिद्ध करता येत नाही. पण त्या चालू आहेत हे माहीत असतं तर मी त्या पहिल्याच दिवशी बंद करायला लावल्या असत्या.

मुलगा खाली मान घालून बसला. त्याला मी जे सांगितलं ते इथेही लिहितो: आईची काळजी घेणाऱ्या माणसाने जे करायचं तेच त्याने केलं होतं. आम्ही विचारलं होतं "कुठली औषधं चालू आहेत?" आणि त्याच्या लेखी जीवनसत्त्वं हे औषध नव्हतं. प्रश्न चुकीचा होता. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन आणि फिटसाठीचं फेनिटॉइन यांच्याशी कॅपेसिटाबिनचं बिनसतं हे आम्ही काळजीपूर्वक तपासलं होतं. दुकानातून सहज मिळणाऱ्या गोळीबद्दल मात्र विचारलं नव्हतं.

दवाखान्यातले सहा दिवस

कॅपेसिटाबिन बंद, टेल्मिसार्टन बंद, रक्तवाढीच्या गोळ्या बंद. सलाईन, त्यातून पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून तेही. शौचाचा नमुना संसर्गासाठी पाठवला, विशेषतः क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूसाठी, कारण तो असेल तर आतडं मंदावणारं लोपेरामाइड अडचणीचं ठरू शकतं. नमुन्यात काही निघालं नाही. लोपेरामाइड ठरल्या पद्धतीने सुरू केलं: आधी ४ मिलिग्रॅम, मग दर दोन तासांनी २. चोवीस तासांत फरक पडला नाही म्हणून ऑक्ट्रिओटाइडची त्वचेखालची इंजेक्शनं दिवसातून तीनदा. तोंडासाठी मीठ-सोड्याच्या पाण्याच्या चुळा आणि खाण्याआधी बधिर करणारं जेल.

पांढऱ्या पेशी आणखी घसरतील याची आम्हाला धास्ती होती. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना ताप आला तर तासाभरात प्रतिजैविक शिरेतून जायला हवं, आणि झिजलेल्या आतड्यातून जंतू रक्तात शिरण्याचा धोका अशा वेळी सर्वांत जास्त असतो. म्हणून अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल मागितल्यावर आधी थर्मामीटर, मग गोळी. पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो आणि आपण बेसावध राहतो. बाईंच्या पेशी ८०० पर्यंत उतरून थांबल्या. ताप आला नाही.

दाखल झाल्याच दिवशी डीपीडीची जनुकचाचणी पाठवली. शरीरातलं ८० टक्क्यांहून अधिक ५-फ्लुरोयुरासिल डीपीडी नावाचं यकृतातलं विकर मोडून टाकतं. काही लोकांत ते जन्मतःच कमी असतं, फार थोड्यांत जवळपास नसतंच, आणि त्यांना नेहमीचा डोस जीवघेणा ठरतो. युरोपीय औषध संस्थेने २०२० पासून ही चाचणी उपचाराआधीच करण्याची शिफारस केली आहे. आमच्याकडे तेव्हा ती सरसकट होत नव्हती, आता करतो. बाईंची पहिली सायकल नीट गेल्यामुळे पूर्ण अभाव असण्याची शक्यता कमी होती, आणि जनुकातले नेहमी तपासले जाणारे चारही बदल सापडले नाहीत. चाचणी निर्दोष आली म्हणजे औषध निर्धोक ठरलं, असं मात्र होत नाही. या औषधाने गंभीर त्रास झालेल्या बऱ्याच लोकांत हे बदल नसतातच. युरिडिन ट्रायअ‍ॅसिटेट हा उतारा २०१५ पासून आहे, पण तो शेवटच्या मात्रेनंतर ९६ तासांच्या आत सुरू करावा लागतो. हाताशी तो मिळवण्याची तयारी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी फेऱ्या सहावर आल्या, लघवी मोकळी झाली, आणि गरज पडली नाही.

सहाव्या दिवशी बाई घरी गेल्या. क्रिएटिनिन १.०.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण हे वाचून कुणी सगळ्याच जुलाबांना हीच पद्धत लावू नये. लक्षण एकच असलं तरी औषध बदललं की उपचार बदलतो. इरिनोटेकान हे केमोचं दुसरं औषध शिरेतून जात असतानाच किंवा लगेच नंतर घाम, पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले तर त्याला अ‍ॅट्रोपिन लागतं. इपिलिमुमॅब, निव्होलुमॅब यांसारख्या प्रतिकारशक्ती मोकळी करणाऱ्या औषधांनी होणारे जुलाब हे अस्तर झिजल्याचे नसतात. तिथे शरीराचे स्वतःचेच रक्षक आतड्यावर तुटून पडलेले असतात. त्याला स्टेरॉइड लागतात, आणि लोपेरामाइडने फेऱ्या कमी दिसत राहिल्या तर आतली सूज लपून वाढते. हा त्रास उपचार संपल्यावर कित्येक महिन्यांनीही सुरू होऊ शकतो. म्हणून दवाखान्यात जाताना "केमो चालू आहे" एवढं सांगून थांबू नका, औषधाचं नाव सांगा. कागदावर लिहून जवळ ठेवा.

फोन का केला नाही

चौथ्या दिवशी बाई उठून बसल्यावर मी हा प्रश्न विचारला. फाइलमध्ये आमचा चोवीस तासांचा नंबर होता. तो त्यांना माहीत होता.

त्यांनी दोन कारणं सांगितली. पहिलं, कोर्स अर्धवट सोडला की आजार उलटतो, असं त्यांनी प्रतिजैविकांबद्दल आयुष्यभर ऐकलं होतं आणि शाळेत मुलांना शिकवलंही होतं. हाच नियम इथे आणखी कडक असणार असं त्यांनी धरलं. दुसरं कारण सांगताना त्या थोड्या थांबल्या. "तुम्ही म्हणाला होतात जुलाब होतात. होणारच आहेत तर सांगायचं काय? आणि तक्रार केली तर तुम्ही गोळ्या बंद कराल, मग माझं काय?"

हे उत्तर मी अनेकांकडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं आहे. त्रास लपवणारी माणसं बेफिकीर नसतात. उपचार हातचा जाईल या भीतीने ती सोसत राहतात. आणि आम्ही "हे होऊ शकतं" असं सांगून थांबतो, तेव्हा त्याचा अर्थ "हे सोसायचं असतं" असा घेतला जातो. कुठवर सोसायचं ती रेघ आम्ही ओढून देत नाही. बाईंच्या फाइलमध्ये दुष्परिणामांची दोन पानी यादी होती. दहाव्या रात्री काय करायचं हे त्या दोन पानांत कुठेही नव्हतं. गोळी कधी घ्यायची ते आम्ही पाचदा सांगितलं होतं, कधी थांबवायची ते एकदाही नाही. ही चूक आमची, त्यात माझा वाटा मोठा.

अमेरिकेतल्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या ७६६ लोकांवर एक अभ्यास झाला. एका गटाने १२ नेहमीची लक्षणं स्वतः संगणकावर नोंदवायची, लक्षण वाढलं की परिचारिकेला सूचना जायची. दुसऱ्या गटाची देखरेख नेहमीप्रमाणे. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत नोंदवणाऱ्या गटाचं मध्यम आयुर्मान ३१.२ महिने होतं, दुसऱ्याचं २६.०. तातडीच्या विभागात जाण्याची वेळही त्यांच्यावर कमी आली. औषधं दोन्ही गटांत नेहमीचीच होती. नोंदवणाऱ्या गटातले लोक केमो जास्त काळ घेऊ शकले. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आकडे पुन्हा विचारले आणि वहीत उतरवून घेतले. "सांगितल्याने बंद होत नाही, सांगितल्याने चालू राहतं," असं त्याखाली त्यांनीच लिहिलं.

पुढे

तिसरी सायकल दहा दिवस उशिरा सुरू केली, डोस साधारण तीन चतुर्थांश: एका वेळी १३०० मिलिग्रॅम, चार गोळ्या. तिसऱ्या पायरीचा त्रास पहिल्यांदा झाल्यावर हेच करायचं असतं, आणि एकदा कमी केलेला डोस पुन्हा वाढवायचा नसतो. डोस कमी केल्याचं बाईंना वाईट वाटलं. ते मी समजू शकतो. पण मूत्रपिंड पुन्हा बंद पडलं असतं तर उरलेल्या सहा सायकल मिळाल्याच नसत्या.

यादीची दोन पानं आम्ही काढून टाकली. त्याऐवजी कॅलेंडरच्या चौकटीत रोज तीन नोंदी: फेऱ्या (नेहमीच्या २), तापमान, तोंड व हातपाय. खाली ठळक अक्षरांत थांबण्याच्या खुणा: नेहमीपेक्षा चार फेऱ्या वाढल्या किंवा रात्री उठावं लागलं, तोंडातल्या फोडांमुळे खाणं अवघड झालं, तळहात-तळपाय दुखून कामात अडथळा येऊ लागला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी फोन. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, छातीत दुखलं, चक्कर आली किंवा लघवी थांबली तर फोन करून थेट निघायचं. छातीत दुखणं मुद्दाम लिहिलं, कारण या औषधाने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात आणि ते अपचन समजून घरी काढलं जातं. जुलाब लागले की रक्तदाबाची गोळी घ्यायची का, हेही फोनवर विचारायचं. नवी कुठलीही गोळी, मग ती जीवनसत्त्वाची का असेना, आम्हाला दाखवून.

पाचव्या सायकलच्या दहाव्या दिवशी दुपारी फोन आला. बाईंचे तळहात लाल झाले होते, बोटांना सूज होती, खडू तर सोडाच पण कुलपाची किल्ली फिरवताना कळ येत होती. फेऱ्या तीन, ताप नाही. कॅपेसिटाबिनचा हा ओळखीचा त्रास, दुसऱ्या पायरीचा. सकाळची गोळी घेतली होती, संध्याकाळची घेऊ नका म्हणून मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती बाजूलाच ठेवलीय. क्रीमचं विचारायला फोन केला." दहा टक्के युरियाचं क्रीम दिवसातून दोनदा, सैल चपला, गरम पाण्यात हात नाही. आठवडाभरात लाली उतरली, आणि पुढची सायकल त्याच डोसवर वेळेत सुरू झाली.

त्या भेटीला येताना त्यांनी उरलेल्या गोळ्या बंद पाकिटात आणल्या होत्या. या गोळ्या घरच्या कचऱ्यात टाकायच्या नसतात, परत द्यायच्या असतात. सिस्टरनी हातमोजे घालून मोजल्या: नऊ वेळच्या, एकूण ३६. बाईंनी कॅलेंडर उघडून दहाव्या दिवसाच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे लाल शाईने उभी रेघ होती आणि पुढच्या चार चौकटी कोऱ्या होत्या.